भरलेलं आगार

एसटीचं आगार भर दुपारी ओकं असावं. दोन-चार गाड्या दुरुस्तीला उभ्या, एखादी धुवायला लावलेली, बाकी सगळ्या रस्त्यावर. आगार जितकं रिकामं, तितका महामंडळाचा संसार बरा चाललेला. नोव्हेंबर 2021 मध्ये पेणचं आगार भरलेलं होतं. लाल गाड्या एकमेकींना खेटून ओळीनं उभ्या, काचांवर धूळ, आणि फाटकाशी खाकी कपड्यांतली माणसं बसलेली. नवखा माणूस म्हणाला असता, केवढ्या गाड्या आहेत या गावाला!

आमच्याकडे रामवाडी म्हणजे महामार्ग आणि एसटी. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला पेण गावात शिरायचं नसलं की कंडक्टर आधीच ओरडतो, ‘पेणवाले रामवाडीला उतरा.’ पिशव्या सावरत माणसं उतरतात आणि गाडी वडखळच्या दिशेनं निघून जाते. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालयही इथलंच. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन, माणगाव, महाड आणि कर्जत अशा आठ आगारांचा कारभार इथून चालतो. कोणत्या गावाला मुक्कामी गाडी राहील, कोणती फेरी भारमान नाही म्हणून बंद होईल, कुणाची बदली, कुणाची चौकशी, हे सगळे कागद इथं फिरतात. पगाराचा आकडा मात्र इथं ठरत नाही. तो मुंबईत ठरतो. त्यामुळे इथं घोषणा देणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं, की आत पंख्याखाली बसलेला साहेब आपल्यासारखाच पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसला आहे. मागणाऱ्याच्या समोर जो बसलेला असतो त्याच्या हातात काही नसतं, हा सरकारी मालकीच्या धंद्यातला जुनाच तिढा. बरकतीच्या काळात तो कुणाला जाणवत नाही, ओढगस्तीत मात्र त्याच्यावाचून दुसरं काही दिसत नाही.

आणि ती ओढगस्त साधी नव्हती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या थांबल्या. ज्या धावल्या त्या मुंबईत इस्पितळांतल्या आणि पालिकेतल्या माणसांना कामावर पोचवायला, आणि मे महिन्यात पायी निघालेल्या परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला. मजुरांच्या त्या फेऱ्यांतून प्रवाशांकडून काही यायचं नव्हतं. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एसटी सुरू व्हायला 20 ऑगस्ट उजाडला. टाळेबंदीआधी रोज साठ लाखांवर माणसं वाहणारी ही गाडी. तिची तिजोरी म्हणजे कंडक्टरच्या गळ्यातली चामडी पिशवी. ती संध्याकाळी रिकामी परतली की दुसऱ्या दिवशीच्या डिझेलची पंचाईत. पगार लांबू लागले. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारनं 1000 कोटींची मदत जाहीर केली. मधल्या काळात आगारं आणि बसस्थानकं तारण ठेवून कर्ज उभारायची बोलणीसुद्धा झाली. आपण ज्या बाकड्यावर बसून गाडीची वाट पाहतो ते बाकडं उद्या बँकेकडे गहाण असेल, ही कल्पना मला तेव्हा विनोदी वाटली होती. कर्मचाऱ्यांत कुणी हसल्याचं आठवत नाही.

आमच्या आळीत एक कंडक्टर राहतात. वयानं माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. हिशेबाचे फार पक्के. आयुष्यभर पाच-पाच रुपयांची मोड जमवलेल्या माणसाला महामंडळाचं अर्थकारण समजावून सांगावं लागत नाही. ते म्हणायचे, ‘शंभराच्या तिकिटातला साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारचा. तो आधी काढून द्यायचा. मग डिझेल. मग टायर, पत्रा, टोल. मग उरलं तर आम्ही. उरलं तर.’ शेवटचे दोन शब्द ते दोनदा म्हणत. ऑक्टोबर 2021 मध्ये डिझेल शंभरीच्या पुढे गेलं, 26 तारखेला एसटीचं भाडं 17.17 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे प्रवाशाच्या खिशात हात घालून झाला होता. दुसऱ्या दिवशी, 27 ऑक्टोबरला, संघटनांच्या संयुक्त कृती समितीनं उपोषण सुरू केलं.

पुढे जे घडलं ते वाटाघाटींच्या पुस्तकात बसत नाही. 28 तारखेला बैठक झाली. महागाई भत्ता 28 टक्के, घरभाड्याचा भत्ता वाढवून, पगार दिवाळीपूर्वी. मान्य. उपोषण मागे. एरवी अशा वेळी हार घातले जातात, फटाके लागतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक ‘सकारात्मक चर्चा’ झाल्याचं सांगत बाहेर पडतात. इथं ज्यांच्यासाठी हे मागितलं त्यांनीच ते घेतलं नाही. आगारामागून आगार बंद होत गेलं. लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली जवळजवळ सगळी, अडीचशे आगारं थंड पडली. मान्यताप्राप्त संघटना एका बाजूला, कर्मचारी दुसऱ्या बाजूला. महाराष्ट्रानं हे पूर्वी पाहिलं होतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले तेव्हा 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करायचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकीकडे, कायद्यातला त्यांचा प्रतिनिधी दुसरीकडे. अडीच लाख माणसं ज्याचं ऐकतात त्याच्याशी सरकार बोलायला तयार नाही, आणि सरकार ज्याच्याशी बोलायला तयार आहे त्याचं कुणी ऐकत नाही. तो संप कुणी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही.

एसटीच्या माणसांनी भत्ता नाकारून जे मागितलं ते पैशाच्या भाषेत मोजता येत नव्हतं. विलीनीकरण. महामंडळ सरकारात विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा. पुष्कळ शहाण्या लोकांनी तेव्हा कपाळाला हात लावला. आधीच्या साठलेल्या तोट्याचे आकडे हजारो कोटींत सांगितले जात होते, त्यात नव्वद हजारांवर माणसं सरकारी पटावर कशी घेणार? मला मात्र ती मागणी अडाणीपणाची वाटली नाही. मालकाकडे पैसे असतात तेव्हा कामगार वाटा मागतो. मालक खरोखरच खंक होतो तेव्हा तो मालकच बदलून मागतो. ‘पैसे नाहीत’ या उत्तराला दुसरं प्रत्युत्तर नसतं. दादा म्हणाले, ‘अहो, नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. नाहीच आहे म्हणणाऱ्याशी काय भांडणार? ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जायला नको का?’

24 नोव्हेंबरला परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना 5000 रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना 4000, त्याहून जुन्यांना 2500. पगार दहा तारखेच्या आत होईल याची हमी. इतकी मोठी वाढ एसटीत कुणाला आठवत नव्हती. ज्या नव्या पोरांच्या हातात बारा-चौदा हजार पडत होते त्यांना पाच हजार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. काही जण त्या आठवड्यात कामावर गेलेही. पण गंमत पाहा. चाकं थांबलेली, तिजोरीत खडखडाट, आणि अशा महिन्यात वाढ जाहीर होते. म्हणजे पैसा कुठंतरी होता, फक्त त्याचा दरवाजा वेगळा होता. विलीनीकरणवाल्यांचा संशय या वाढीनं शमला नाही. उलट त्याला पुरावाच मिळाला.

आता माणसं बसून राहिली, महिन्यामागून महिने बसून राहिली, हे कसं जमलं? या प्रश्नाशी मी अजून अडतो. काम नाही तर दाम नाही. निलंबनाचे कागद निघत होते, मेस्मा लावायच्या धमक्या होत्या, उच्च न्यायालयानं आधीच संपाला मनाई केली होती. ती मनाई मोडायला नको म्हणून कर्मचारी ‘हा संप नाही, गेलेल्या सहकाऱ्यांचा दुखवटा आहे’ असं सांगत. वकिली खोच म्हणून बाहेरचे हसले. पण त्या काळात जीव दिलेल्यांची नावं फलकावर लिहिलेली होती आणि त्याखाली बसलेल्या माणसांत हसण्यासारखं काही नव्हतं. तर खर्च कोण चालवत होतं? संघटनेचा निधी तर नव्हता, कारण संघटनाच त्यांनी बाजूला सारली होती.

उत्तर मला भातखळ्यात मिळालं. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापणी संपून झोडणीचे दिवस. सकाळी फाटकाशी हजेरी लावून दुपारी माणसं शेतावर जात. ज्याच्या घरी दोन-चार खंडी भात येणार होतं तो निवांत नव्हता, पण उभा होता. ज्याचं गाव मराठवाड्यात आणि जो इथं खोली घेऊन राहत होता, त्याचा डिसेंबरातच धीर सुटला. कुणी खासगी ट्रकवर गेला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी विटांच्या कामावर. दादांच्या घरी वहिनी पोह्याचे पापड लाटून देण्याचं काम घेत होत्या, आधीपासूनच, पण त्या हिवाळ्यात लाटण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत यायचा. पेणचे पापड नावाजलेले असतात. कोण लाटतं, कुठल्या वर्षी किती रात्रीपर्यंत लाटतं, हे पाकिटावर छापत नाहीत.

संपाचा खरा निधी असा गावाकडच्या कणगीत आणि बायकांच्या मनगटात असतो. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या तेव्हाही कोकणची माणसं गावी जाऊन राहिली, म्हणून संप तगला. 1982 ला परत तेच. वरकस जमीन, नाचणीचे दोन डाग, कुळथाची पिशवी. गिरणगावातल्या भाषणांत कोकणातल्या त्या पाचुंद्याभर शेतीचा उल्लेख कुणी केला असेल असं मला वाटत नाही. पण मालकाच्या गोदामातलं शिल्लक कापड आणि कामगाराच्या घरातलं शिल्लक भात, यांतलं आधी काय संपतं यावरच बहुतेक संपांचा निकाल लागला आहे. गिरणीमालकांना 82 साली कापड खपवायची घाई नव्हती, हे पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. ज्याला घाई नाही त्याच्याशी सौदा करायला बसणं म्हणजे एका बाजूला दगड बांधलेल्या तराजूत भाजी तोलणं.

रामवाडीहून वडखळ, मग धरमतरचा पूल ओलांडून पोयनाड. या वाटेवरच्या खारेपाटात चरी नावाचं गाव आहे. नेमकं 27 ऑक्टोबर, पण साल 1933. त्या दिवशी चरीला शेतकऱ्यांची सभा भरली आणि कुळांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. जगात मंदी होती, भाताचा भाव कोसळला होता, आणि खोताचा वाटा मात्र तसाच होता. पीक अर्धं खोताचं, शिवाय वरचे नाना हक्क, बिगारी, सावकारी व्याज. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध कुळांनी घालायचे, त्या बांधाआड झालेली जमीन खोताची. मंदीत मालकाचं उत्पन्न घटतं तेव्हा तो ते खालून भरून काढतो, हे खारेपाटाला कुणी अर्थशास्त्र शिकवून सांगितलं नव्हतं.

आसपासची पंचवीस गावं या संपात उतरली, आणि तो सहा वर्षं चालला. सहा वर्षं! भातशेती सोडून दुसरं काही न येणाऱ्या माणसांनी भातशेती केली नाही. शेतं पडीक. सभाबंदी झाली, ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. लोक डोंगरातून लाकूडफाटा आणून विकत, खाडीत मासळी धरत, करवंदांवर दिवस काढत, असं या भागातली म्हातारी माणसं सांगत आली. आता सांगणारेही थोडे उरले. डिसेंबर 1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेला आले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. पाटलांनी त्याच सुमाराला, 1937 मध्ये, ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढलं. ते आजही निघतं. 1939 च्या कायद्यानं संरक्षित कुळाला जागा मिळाली, पुढे 1948 चा कूळकायदा, 1949 ला खोती गेली.

म्हणजे चरीच्या माणसांनीही शेवटी तेच केलं. खोताशी बोलून भागेना म्हणून खोताच्या डोक्यावरून सरकारकडे गेले. वाटा कमी कर म्हणून सुरुवात झाली आणि ‘हा मालकच नको’ इथपर्यंत ते आले. एसटीवाल्यांची मागणी अवाजवी म्हणणाऱ्यांनी खारेपाटात एक चक्कर मारावी. अर्थात दोन्हींत मोठा फरक आहे, तो झाकायचा नाही. खोताची जमीन पडीक राहिली तर त्याचं आणि कुळाचं नुकसान, तिसऱ्याचं फारसं नाही. चरीच्या कुळाला खाडी होती, डोंगर होता. कंडक्टरला नाही. आणि एसटी थांबली तर पहिलं नुकसान होतं ते महामंडळाचंही नाही. तोट्यातली फेरी बंद पडली की, कागदावर तरी, तोटा कमीच होतो.

नुकसान झालं ते मागच्या वाड्यांवरच्या पोरींचं. पेण तालुक्याचा पूर्वेकडचा भाग डोंगराचा, तिथं ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. पाचवीपासून पुढच्या शाळा गावाकडच्या भागात 4 ऑक्टोबर 2021 ला उघडल्या होत्या. दीड वर्ष घरी बसलेल्या मुली महिनाभर शाळेत जातात न जातात तोच गाडी बंद. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास एसटीत चालतो, खासगी मिनीडोर रिक्षांत नाही. मिनीडोरवाल्यांनी त्या हिवाळ्यात चांगली कमाई केली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, टाळेबंदीत त्यांचीही चूल थंडच होती, पण तिघांच्या जागी सहा आणि भाडं दीडपट, असा तो काळ. मासळीवाल्या, भाजीवाल्या बायांचा तर बाजारच हुकला. एकीला मी म्हटलं, ‘मावशी, त्यांचीही अडचण आहे.’ ती पाटी खाली न ठेवताच म्हणाली, ‘हाय ना. त्यांची अडचण सरकारला सांगायला मुंबई हाय. आमची कोनाला सांगायची?’

वाटाघाटीला टेबलाच्या दोन बाजू असतात असं आपण धरून चालतो. तिसरी बाजू टेबलाखाली असते. दोन्ही पक्ष तिच्यावर पाय ठेवून बसलेले. वाईट दिवसांत वजन जास्त पडतं, इतकंच. मी कामगारांच्या बाजूचा माणूस आहे आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण मावशीच्या पाटीचं वजनही मी पाहिलं आहे.

न्यायालयानं नोव्हेंबरात मुख्य सचिवांची त्रिसदस्य समिती नेमायला लावली होती. तिचा अहवाल मार्च 2022 मध्ये विधिमंडळात आला. विलीनीकरण शक्य नाही, सरकारनं पगारासाठी काही वर्षं पैसे द्यावेत, असा त्याचा मथितार्थ. 7 एप्रिलला उच्च न्यायालयानं सांगितलं, 22 तारखेपर्यंत कामावर या, कुणाची नोकरी घालवू नका. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या घरावर चपला-दगड गेले, आणि महिनोन्‌महिने जे काही सहानुभूतीचं जमलं होतं ते एका दुपारी पुष्कळसं खर्ची पडलं. त्यानंतर माणसं परतली. दादा परतले त्या दिवशी मी त्यांना विचारलं नाही की काय मिळालं. खाकी शर्टाला नवी इस्त्री होती आणि तिकिटाचं यंत्र घेऊन ते अलिबागच्या गाडीत चढले, एवढं पाहिलं.

मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबरात जाहीर झालेली वाढ टिकली. पगाराची तारीख सुधारली. विलीनीकरण गेलं. आणि मग एक वेगळीच गोष्ट घडली. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, मार्च 2023 मध्ये सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. सवलतीचा पैसा सरकार महामंडळाला देतं. गाड्या भरल्या. ज्या फेऱ्यांना भारमान नव्हतं तिथं उभं राहायला जागा मिळेना. मालक व्हायला नकार देणारं सरकार अशा रीतीनं एसटीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालं. साहजिकच आता सवलतीची रक्कम वेळेवर येते का, यावर पगाराची तारीख ठरते. दरवाजा तोच, पाटी वेगळी. विलीनीकरण मागच्या दारानं झालं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण ते पेन्शनशिवायचं विलीनीकरण आहे हेही सांगेन.

या सगळ्यातून एसटीचे लोक काही शिकले असतील तर ते वेळेबद्दल. ऑक्टोबर 2017 मध्ये ऐन दिवाळीत चार दिवसांचा संप झाला होता, तोही न्यायालयानं बेकायदा ठरवला. 2021 चा संप मंदीच्या खोल खड्ड्यात सुरू झाला, जेव्हा समोरच्याला गाड्या धावल्या काय, न धावल्या काय, सारखंच होतं. 3 सप्टेंबर 2024 ला पुन्हा काम थांबलं तेव्हा गणपतीला चार दिवस होते. आता पेणला विचारा त्या चार दिवसांचं मोल. हमरापूर, जोहे इथले कारखाने अखेरच्या मूर्ती बाहेर काढत असतात, महामार्गावर गाड्यांची रांग वडखळपासून लागते, आणि मुंबईचा चाकरमानी कोकणात जायला जिवाचं रान करत असतो. त्याला थांबवणं कुठल्याही सरकारला परवडत नाही, त्यातून विधानसभेची निवडणूक तोंडावर. 4 तारखेला मुख्यमंत्र्यांनी बैठक घेतली, मूळ वेतनात 6500 रुपयांची वाढ, एप्रिल 2020 पासून. रात्री गाड्या सुटल्या. पाच महिने बसून जे साधलं नाही ते दोन दिवसांत झालं, कारण यावेळी घाई समोरच्याला होती.

हे सगळ्यांनाच जमण्यासारखं नाही. डोलवी, नागोठणे, रोह्याजवळचं धाटाव, इथं सकाळी पाळीला निघणाऱ्या कंत्राटी मुलांशी बोललं की लक्षात येतं, त्यांना टेबलच नाही. आज एका ठेकेदाराचा बिल्ला, सहा महिन्यांनी दुसऱ्याचा, काम तेच. मंदी आली की त्यांना कुणी काढत नाही, फक्त उद्या बोलावत नाहीत. त्यांच्यापुढे एसटीचा कंडक्टर म्हणजे राजाच, त्याच्याकडे निदान मोडायला एक संप तरी होता.

दादांची निवृत्ती आता जवळ आली आहे. मागच्या वैशाखात मी त्यांच्याच गाडीत रामवाडीला चढलो. पुढच्या सीटवर एक बाई पापडांचे डबे घेऊन अलिबागला निघालेली, अर्धं तिकीट काढताना तिनं बारकाईनं पैसे मोजून घेतले. मग म्हणाली, ‘आता परत कधी संप करनार, दादा? अगोदर सांगा हो. आमी ऑर्डरी घेत नाय मग.’

दादांनी तिकीट फाडून दिलं. म्हणाले, ‘नोटीस दिलेली असते, ताई. चौदा दिवस आधी. महामंडळाला देतो, कामगार आयुक्तांना देतो.’

‘आमाला नाय आली कदी.’

‘तुमचं नाव नसतं तिच्यावर,’ दादा म्हणाले, आणि मागच्या माणसाकडे वळले, ‘बोला, वडखळ?’